स्वातंत्र्य आणि धैर्य: अमेरिकी नेत्यांच्या गाजलेल्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वक्तृत्व स्पर्धा, पंधरा ऑगस्टची भाषणं, शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर येणारे संदेश. अमेरिकी नेत्यांची वाक्यं आपल्याकडे हटकून भेटतात. त्यांच्याबद्दल विद्यार्थी, पालक आणि शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक वाक्याकडे पाहताना दोन गोष्टी मुद्दाम तपासल्या आहेत. ते बोलताना माणसानं काय पणाला लावलं होतं? आणि ज्यांना त्या वाक्यातून वगळलं होतं, त्यांनी पुढे त्याच वाक्याचं काय केलं? अवतरणांचा मराठी अनुवाद आमचा आहे.

“मला स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या” हे कोण म्हणालं आणि कशासाठी?

पॅट्रिक हेन्री. दिवस २३ मार्च १७७५, ठिकाण व्हर्जिनियातल्या रिचमंडचं सेंट जॉन्स चर्च. ब्रिटिश गव्हर्नर विल्यम्सबर्गला बसत असे, म्हणून प्रतिनिधींनी बैठक त्याच्यापासून लांब भरवली होती. वसाहतीच्या संरक्षणासाठी सशस्त्र पथकं उभी करावीत, असा ठराव समोर होता. राजाकडे आणखी एक अर्ज करून भागेल, असं बऱ्याच सभासदांना अजून वाटत होतं. हेन्री उठले आणि म्हणाले, अर्ज झाले, विनवण्या झाल्या, सिंहासनापुढे लोटांगणही घालून झालं; आता लढण्यावाचून गत्यंतर नाही. श्रोत्यांत जॉर्ज वॉशिंग्टन आणि थॉमस जेफरसन होते. राजद्रोहाला फाशी असते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. महिनाही उलटला नाही तोच, १९ एप्रिलला, लेक्झिंग्टन आणि काँकर्डला लढाईला तोंड फुटलं.

हेन्रींचे शब्द तंतोतंत हेच होते का?

त्यांनी भाषण लिहून ठेवलं नव्हतं आणि कुणी टिपूनही घेतलं नव्हतं. आज आपण वाचतो तो मजकूर विल्यम वर्ट या चरित्रकारानं १८१७ मध्ये छापला, म्हणजे भाषणानंतर ४२ वर्षांनी. हेन्री १७९९ मध्येच वारले होते. ऐकलेल्या लोकांच्या आठवणी गोळा करून वर्टनं भाषण जुळवलं. आशय खरा मानायला हरकत नाही, पण शब्दन् शब्द त्यांचाच असं छातीठोकपणे सांगता येत नाही. भाषणात वापरताना “हेन्रींच्या नावे प्रसिद्ध असलेलं वाक्य” एवढं म्हटलं तरी पुरे.

हेन्री, जेफरसन, वॉशिंग्टन हे तिघेही गुलाम बाळगत होते. मग स्वातंत्र्यावर त्यांचं का ऐकायचं?

हा प्रश्न टाळून या विषयावर बोलूच नये, इतका तो महत्त्वाचा आहे.

हेन्रींनी १७७३ मध्ये एका क्वेकर (गुलामगिरीला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या) परिचिताला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. आपण विकत घेतलेल्या गुलामांचे मालक आहोत हे ते त्यात कबूल करतात. त्यांच्यावाचून राहणं गैरसोयीचं आहे म्हणून मी हे चालू ठेवलंय, मी त्याचं समर्थन करणार नाही, करूच शकत नाही, असं ते लिहितात. आणि पुढेही गुलाम ठेवतात. जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं होती. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात त्यांनी गुलामांच्या व्यापारावर एक जळजळीत परिच्छेद लिहिला होता; काँग्रेसनं, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेनं, तो काढून टाकला. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाचा विरोध होता, आणि उत्तरेतल्या व्यापाऱ्यांचेही हात त्या व्यापारात अडकलेले होते, असं जेफरसननीच नमूद केलंय.

तरीही “सर्व माणसं समान जन्माला आली आहेत” हे वाक्य ४ जुलै १७७६ ला मंजूर झालं आणि त्याच रात्री फिलाडेल्फियातल्या जॉन डनलॅप यांच्या छापखान्यात छापायला गेलं. एकदा छापलेलं वाक्य लिहिणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. पुढची दोनशे वर्षं ज्यांना त्यातून वगळलं होतं तेच लोक ते वाक्य हातात धरून दाराशी उभे राहिले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या सभेत नेमकं हेच सांगितलं: राष्ट्राच्या संस्थापकांनी एक वचनचिठ्ठी लिहून दिली होती, काळ्या माणसाचा चेक “खात्यात पुरेशी रक्कम नाही” असा शेरा मारून परत आला, आणि आम्ही तो वटवून घ्यायला आलो आहोत. संस्थापकांचं ऐकायचं ते यासाठी. त्यांनी काय लिहून दिलं हे माहीत नसेल, तर वसुलीला आलेल्यांचं धैर्यही कळणार नाही.

जॉर्ज वॉशिंग्टन यांचं एखादं गाजलेलं वाक्य आहे का?

ते मोठे वक्ते नव्हते. पण एक प्रसंग असा आहे की त्यात भाषणापेक्षा अर्ध्या वाक्यानं काम केलं.

१५ मार्च १७८३. ब्रिटिशांविरुद्धचं युद्ध जवळजवळ संपलंय, न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गला सैन्याची छावणी पडली आहे. अधिकाऱ्यांना कित्येक महिन्यांचा पगार नाही. निनावी पत्रकं फिरत आहेत: काँग्रेस ऐकत नसेल तर सैन्यानं हिसका दाखवावा. अधिकाऱ्यांच्या सभेत वॉशिंग्टन स्वतः येऊन उभे राहिले. लिहून आणलेलं भाषण वाचलं. कडक भाषण होतं, पण समोरचे चेहरे फारसे निवळले नाहीत. मग एका काँग्रेस सदस्याचं पत्र वाचून दाखवायला त्यांनी खिशातून काढलं आणि ते अडखळले. अक्षर लागेना. त्यांनी खिशातून चष्मा बाहेर काढला. सेनापतींना चष्मा लागतो हे फार थोड्यांना माहीत होतं. “सद्गृहस्थहो, चष्मा लावायची परवानगी द्या. देशाची सेवा करताना माझे केस तर पिकलेच, आता दृष्टीही जात चालली आहे,” असं काहीसं ते म्हणाले. अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वॉशिंग्टन गेल्यावर सभेनं काँग्रेसवर विश्वास व्यक्त करणारा ठराव केला.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला ॲनापोलिसला जाऊन त्यांनी सेनापतिपदाचा राजीनामा काँग्रेसच्या हाती दिला. विजयी सेनापती सत्ता सोडून घरी शेती करायला जातो, हे त्या काळच्या जगाला नवीन होतं. लष्कर लोकनियुक्त सभेच्या आज्ञेत राहील, हा पायंडा तिथे पडला. ज्या देशांनी लष्करशाही भोगली आहे त्यांना या राजीनाम्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

एकच भाषण वाचायला वेळ असेल तर कोणतं वाचावं?

फ्रेडरिक डग्लस यांचं, ५ जुलै १८५२ चं. आमच्या मते अमेरिकेत स्वातंत्र्यावर याहून मोठं भाषण झालेलं नाही.

आधी माणूस समजून घ्या. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्म. बाल्टिमोरला मालकीणबाईंनी मुळाक्षरं शिकवायला सुरुवात केली, तर मालकानं ती थांबवली: वाचायला शिकला तर गुलाम म्हणून तो निकामी होईल. पोरानं ते ऐकलं आणि सुटकेची वाट कुठून जाते ते त्याला तिथेच उमगलं. रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव द्यायचा आणि बदल्यात त्यांच्याकडून शब्द शिकून घ्यायचे, असा व्यवहार त्यानं चालवला. बाराव्या वर्षाच्या सुमारास साठवलेल्या ५० सेंटमध्ये भाषणांचं एक पुस्तक विकत घेतलं. ३ सप्टेंबर १८३८ ला खलाशाचा वेष करून, दुसऱ्याचे कागद खिशात घालून तो आगगाडीत चढला. कागदावरचं वर्णन त्याच्याशी जुळत नव्हतं. तपासनिसानं नीट पाहिलं असतं तर सगळं संपलं असतं. चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोचला. १८४५ मध्ये आत्मचरित्र छापून त्यानं आपलं आणि मालकाचं खरं नाव जगजाहीर केलं. त्यामुळे पकडले जाण्याचा धोका वाढला आणि त्याला आयर्लंड-इंग्लंडला जावं लागलं. तिथल्या मित्रांनी पैसे जमवून १८४६ मध्ये त्याचं स्वातंत्र्य विकत घेतलं.

हा माणूस १८५२ मध्ये रॉचेस्टरच्या कोरिंथियन हॉलमध्ये उभा आहे. शहरातल्या महिलांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेनं स्वातंत्र्यदिनाचं भाषण करायला बोलावलंय. डग्लस यांनी ४ तारखेला बोलायचं नाकारलं, ५ ला बोलले. सुरुवातीला संस्थापकांची मनापासून स्तुती केली: ते शूर होते, मोठे होते. आणि मग सूर बदलला. “ही चार जुलै तुमची आहे, माझी नाही. तुम्ही आनंद करा. मला शोक करणं भाग आहे.” साखळदंडातल्या माणसाला उत्सवाच्या मंडपात आणून आनंदगीत गायला सांगणं ही क्रूर थट्टा आहे, असं त्यांनी यजमानांच्या तोंडावर सांगितलं. दोनच वर्षांपूर्वी, १८५० मध्ये, पळून आलेल्या गुलामांना पकडून परत पाठवणारा कडक कायदा झाला होता. उत्तरेतल्या सज्जन नागरिकांनाही त्यानं त्या पापात ओढलं होतं.

भाषणाचा शेवट बरेच जण वाचतच नाहीत. इतकं बोलून झाल्यावर डग्लस म्हणतात की या देशाबद्दल मी निराश नाही. राज्यघटना नीट वाचली तर ती स्वातंत्र्याचाच दस्तऐवज आहे, असं ते मांडतात. त्यांच्या गटातले अनेक सहकारी तेव्हा घटनेलाच गुलामगिरीचा करार मानत होते. आपल्याच बाजूच्या लोकांशी मतभेद जाहीर करायलाही धैर्य लागतं, आणि ते त्यांनी त्या काळात दाखवलं.

“संघर्षावाचून प्रगती नाही” हे वाक्यही त्यांचंच ना?

हो. ३ ऑगस्ट १८५७, न्यूयॉर्क राज्यातलं कॅनंडाइग्वा. पुढची वाक्यं तर शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही लगेच भिडतील: स्वातंत्र्य हवं म्हणायचं आणि चळवळीला नाकं मुरडायची, असे लोक नांगरट न करता पीक मागतात, विजा आणि गडगडाट नकोत, पण पाऊस हवा, असं म्हणतात. त्यालाच जोडून, सत्ता मागितल्याशिवाय काहीही सोडत नाही, तिनं कधी सोडलं नाही आणि कधी सोडणारही नाही.

लिंकन यांचं गेटिसबर्गचं भाषण खरंच आगगाडीत, पाकिटाच्या मागे लिहिलेलं होतं?

नाही. मजकुराचा काही भाग वॉशिंग्टन शहरातच कागदावर उतरला होता आणि गेटिसबर्गला ज्या घरी मुक्काम होता तिथे त्यांनी त्यावर पुन्हा हात फिरवला. १९ नोव्हेंबर १८६३ ला दफनभूमीच्या समर्पणाचा कार्यक्रम होता. जुलैच्या १ ते ३ तारखांत तिथे झालेल्या, उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धातल्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले होते. मुख्य वक्ते होते एडवर्ड एव्हरेट. ते दोन तास बोलले. लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटं, सुमारे २७० शब्द. दुसऱ्या दिवशी एव्हरेटनी पत्र पाठवलं: तुम्ही दोन मिनिटांत प्रसंगाच्या गाभ्याशी जितके पोचलात, तितका मी दोन तासांत पोचलो असतो तर मला धन्य वाटलं असतं.

“लोकांचं, लोकांनी चालवलेलं, लोकांसाठीचं राज्य” ही कल्पना त्यांच्याआधी बोस्टनचे धर्मोपदेशक थिओडोर पार्कर यांनी जवळपास याच शब्दांत मांडली होती. लिंकननी तिला लय दिली आणि ती मेलेल्या जवानांच्या नावे बांधली.

आम्हाला स्वतःला त्यांचं आणखी एक वाक्य जास्त धारदार वाटतं. बोस्टनला जेफरसनच्या जयंतीला येता येणार नाही, असं कळवणाऱ्या ६ एप्रिल १८५९ च्या पत्रात ते लिहितात: जे दुसऱ्याला स्वातंत्र्य नाकारतात, ते स्वतः त्याला पात्र नसतात.

लिंकन यांनी मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र?

महाराष्ट्रात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. वसंत बापट यांच्या सुरेख मराठी रूपांतरामुळे हे पत्र असंख्य शाळांच्या भिंतींवर आणि घरांच्या दिवाणखान्यात लागलं. पण लिंकन यांच्या संकलित लेखनात, १९५३ मध्ये निघालेल्या त्यांच्या अधिकृत खंडांत, असं पत्र नाही. पत्राची भाषाही त्यांच्या काळाची नाही. ते लिंकन यांचं म्हणून सांगू नये. कविता म्हणून ती भिंतीवर राहायला काहीच अडचण नाही. ती आपल्याकडच्या पालकांच्या मनातलं बोलते आणि म्हणूनच ती इतकी टिकली.

स्त्रियांमध्ये कुणाचे शब्द घ्यावेत?

ॲबिगेल ॲडम्स यांनी ३१ मार्च १७७६ ला नवऱ्याला, म्हणजे पुढे दुसरे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्स यांना लिहिलं: नवे कायदे करताना बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. जॉननी ते हसण्यावारी नेलं. कायद्यात बायकांची आठवण ठेवायला देशाला फार उशीर लागला.

गुलामगिरीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रूथ यांचं ॲक्रन, ओहायो इथलं १८५१ चं भाषण घेणार असाल तर जपून. “मी बाई नाही का?” ही ओळ १८६३ मध्ये छापलेल्या आवृत्तीत येते, भाषणानंतर महिन्याभरात वर्तमानपत्रात आलेल्या पहिल्या वृत्तान्तात ती नाही. शिवाय १८६३ च्या आवृत्तीत त्यांच्या तोंडी दक्षिणेकडची बोली घातली आहे. ट्रूथ होत्या न्यूयॉर्कच्या, आणि त्यांची पहिली भाषा डच होती. जुना वृत्तान्तच जास्त ताकदीचा आहे: मी नांगरलंय, कापणी केली आहे, कणसं सोललीत, लाकडं फोडलीत, गवत कापलंय, पुरुष याहून जास्त काय करतो?

सुझन बी. अँथनी यांनी ५ नोव्हेंबर १८७२ ला रॉचेस्टरमध्ये मतदान केलं. बाईनं मत देणं हाच गुन्हा होता. जून १८७३ मध्ये खटला उभा राहिला. न्यायाधीशांनी ज्यूरीला विचार करू न देता दोषी ठरवायला सांगितलं, मग रीत म्हणून विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का? बाई बोलू लागल्या. न्यायाधीशांनी पुन्हा पुन्हा खाली बसायला सांगितलं, त्या बोलतच राहिल्या. १०० डॉलर दंड झाला. “तुमच्या अन्यायी दंडातला एक डॉलरही मी कधी भरणार नाही,” म्हणाल्या, आणि भरला नाही. १९०६ मध्ये त्या वारल्या; स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती १९२० मध्ये झाली.

आणि फॅनी लू हेमर. मिसिसिपीतल्या खंडकऱ्यांच्या घरात, वीस भावंडांत धाकट्या. ३१ ऑगस्ट १९६२ ला त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या. अठरा वर्षं ज्या मळ्यावर राबल्या, त्याच्या मालकानं संध्याकाळी सांगितलं, नोंदणी मागे घे नाहीतर चालती हो. त्या म्हणाल्या, “मी तुमच्यासाठी नोंदणी करायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते.” त्याच रात्री घर सुटलं. जून १९६३ मध्ये विनोना गावच्या तुरुंगात पोलिसांनी दुसऱ्या कैद्यांकरवी त्यांना इतकं मारलं की त्याची दुखणी जन्मभर पुरली. २२ ऑगस्ट १९६४ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, अटलांटिक सिटीला, समितीसमोर बसून त्यांनी हे सगळं साध्या शब्दांत सांगितलं आणि विचारलं: हीच का ती अमेरिका, स्वतंत्रांची भूमी, शूरांचं घर? जिथे रोज जिवाच्या धमक्या येतात म्हणून आम्हाला फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवून झोपावं लागतं? राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईनं पत्रकार परिषद बोलावून टीव्हीचे कॅमेरे तिकडे वळवले. संध्याकाळी वाहिन्यांनी हेमरबाईंची साक्ष दाखवलीच. “स्वतंत्रांची भूमी, शूरांचं घर” हे शब्द अमेरिकी राष्ट्रगीतातले आहेत. ते उच्चारायचा हक्क त्या खोलीत सर्वांत जास्त त्यांनाच होता.

मूळनिवासी नेत्यांपैकी कुणी?

नेझ पर्स जमातीचे चीफ जोसेफ. १८७७ मध्ये त्यांच्या लोकांना वाडवडिलांच्या वलोवा खोऱ्यातून हुसकावलं. बायका-मुलं, म्हातारे आणि घोडे घेऊन हजाराहून अधिक मैल लष्कराला चकवत ते कॅनडाच्या दिशेनं निघाले आणि सीमा सुमारे ४० मैलांवर असताना मोंटानात वेढले गेले. ५ ऑक्टोबरच्या शरणागतीचं “यापुढे मी कधीही लढणार नाही” हे भाषण एका लष्करी अधिकाऱ्यानं लिहून घेतलेलं आहे. त्यात मूळ शब्द किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. म्हणून १८७९ मध्ये त्यांच्या नावे मासिकात आलेलं निवेदन घ्यावं: मला स्वतंत्र माणूस असू द्या, फिरायला, थांबायला, काम करायला, हवा तिथे व्यापार करायला, माझे गुरू मी निवडायला, वाडवडिलांचा धर्म पाळायला मोकळा असू द्या, मग मी प्रत्येक कायदा पाळीन, नाहीतर शिक्षा भोगीन. स्वातंत्र्यात काय काय येतं याची इतकी रोजच्या जगण्यातली यादी दुसरीकडे क्वचितच सापडेल. वलोवा खोऱ्यात राहायला परत जाणं त्यांच्या नशिबी आलं नाही. १९०४ मध्ये ते परमुलखातच वारले.

“आपल्याला भीती बाळगायची ती फक्त भीतीचीच” हे युद्धाबद्दल होतं का?

नाही, बँकांबद्दल होतं. ४ मार्च १९३३, फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा शपथविधी. दर चार कामगारांमागे साधारण एक बेकार. ठेवी बुडतील म्हणून लोक बँकांपुढे रांगा लावत होते, आणि त्या रांगांमुळेच बँका बुडत होत्या. म्हणजे भीतीच खरी शत्रू होती, हे त्या घडीचं अगदी व्यवहारी सत्य होतं. दोन दिवसांनी त्यांनी देशातल्या सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवल्या, १२ मार्चला रेडिओवरून लोकांना सोप्या भाषेत सगळं समजावलं, आणि बँका उघडल्यावर लोक पैसे परत भरायला आले. हे बोलणारा माणूस १९२१ पासून पोलिओनं पायांनी अधू होता. पोलादी आधार बांधून, मुलाच्या दंडावर भार टाकून तो व्यासपीठापर्यंत आला होता.

याच रूझवेल्टनी ६ जानेवारी १९४१ ला चार स्वातंत्र्यं सांगितली: बोलण्याचं, उपासनेचं, ददातीपासून मुक्ततेचं आणि भीतीपासून मुक्ततेचं. आणि १९ फेब्रुवारी १९४२ ला एका हुकमावर सही केली. त्यानं जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरंदारं सोडून तारेच्या कुंपणाआड राहावं लागलं. त्यांतले बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते. देशानं १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली. चार स्वातंत्र्यांवर भाषण करणाऱ्यानं हे दुसरं पानही वाचून दाखवावं, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

“देश तुमच्यासाठी काय करील हे विचारू नका” याच्या पुढे काय आहे?

जॉन केनेडी, २० जानेवारी १९६१. लगेच पुढच्या वाक्यात ते जगातल्या नागरिकांना उद्देशून म्हणतात: अमेरिका तुमच्यासाठी काय करील हे विचारू नका, माणसाच्या स्वातंत्र्यासाठी आपण मिळून काय करू शकतो ते विचारा. दोन्ही वाक्यं जोडीनं वापरा.

“माझं एक स्वप्न आहे” हा भाग ऐन वेळी सुचला होता, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. स्वप्नाची कल्पना किंग यांनी आधीच्या भाषणांत वापरली होती, पण २८ ऑगस्ट १९६३ साठी लिहून आणलेल्या मजकुरात ती नव्हती. लिंकन स्मारकासमोर सुमारे अडीच लाख लोक होते. भाषण शेवटाकडे येत असताना मागे बसलेल्या गायिका महेलिया जॅक्सन यांनी हाक दिली, “मार्टिन, त्यांना स्वप्नाबद्दल सांग!” किंगनी कागद बाजूला सारला.

पण विद्यार्थ्यांना आम्ही त्याच वर्षीचं १६ एप्रिलचं बर्मिंगहॅम तुरुंगातलं पत्र वाचायला सांगतो. आठ गोऱ्या धर्मगुरूंनी “घाई करू नका” असं निवेदन काढलं होतं. किंगनी वर्तमानपत्राच्या समासात उत्तर लिहायला सुरुवात केली. “थांबा” या शब्दाचा अर्थ आजवर बहुतेक वेळा “कधीच नाही” असाच निघाला आहे, असं ते लिहितात. सहा वर्षांच्या मुलीनं जाहिरातीतल्या बागेत जायचा हट्ट धरावा, ती बाग काळ्या मुलांना बंद आहे हे बापाला सांगावं लागावं आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहावं, असं ते वर्णन आहे. जुलूम करणारा आपणहून स्वातंत्र्य देत नसतो, ते मागावं लागतं, हे त्यातलं वाक्य वाचताना डग्लस आठवल्यावाचून राहत नाहीत.

बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत ना?

त्यांनीच पुढे लिहिलं: दमले असेन तर ती फक्त नमतं घेऊन घेऊन. १ डिसेंबर १९५५ ला त्या ४२ वर्षांच्या होत्या आणि माँटगोमेरीतल्या नागरी हक्क संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्या होत्या. बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. त्याच शहरात नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्विन ही १५ वर्षांची मुलगी जागेवरून उठायला नकार देऊन अटक झाली होती. शाळेत सांगायचं असेल तर तिची गोष्टही सांगा. ऐकणारी मुलं तिच्याच वयाची असतात.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

थेट आहे. जोतीराव फुल्यांनी १८४७ च्या सुमारास थॉमस पेन वाचला. पेन म्हणजे अमेरिकी क्रांतीच्या ऐन पडत्या काळात, डिसेंबर १७७६ मध्ये, “माणसाच्या आत्म्याची परीक्षा घेणारे हे दिवस आहेत” असं लिहून सैनिकांना उभं करणारा लेखक. आणि १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ निघालं तेव्हा जोतीरावांनी ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली होती. माझ्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्र बांधवांना मुक्त करावं, अशी इच्छा त्यांनी अर्पणपत्रिकेत लिहिली. डग्लस तेव्हा हयात होते. पुण्यातला माणूस वीस वर्षांच्या आतबाहेर त्याच लढ्याचे शब्द आपल्या घरच्या गुलामगिरीला लावत होता.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मिळतील का, अशी विचारणा केली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात ते जेफरसनचा आधार घेतात आणि भाषण संपवताना लोकांचं, लोकांसाठी, लोकांनी चालवलेलं राज्य टिकवायचं असेल तर आड येणारी दुष्कृत्यं ओळखायला आणि दूर करायला दिरंगाई करू नका, असं बजावतात. गेटिसबर्गचं वाक्य तिथे ताकीद होऊन येतं.

किंग आणि त्यांच्या पत्नी कोरेटा १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनला राहिले. १९७२ मध्ये मुंबईच्याच तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून नाव घेऊन दलित पँथर उभी केली.

खोटी किंवा चुकीच्या अर्थानं वापरली जाणारी वाक्यं कोणती?

“सतत जागरूकता ही स्वातंत्र्याची किंमत आहे” हे जेफरसनच्या लेखनात सापडत नाही. त्याच्या जवळचं वाक्य आयर्लंडच्या जॉन फिलपॉट करन यांनी १७९० मध्ये म्हटलं. अमेरिकेत १८५२ मध्ये गुलामगिरीविरोधी वक्ते वेंडेल फिलिप्स यांनी ते वापरलं.

“थोड्या तात्पुरत्या सुरक्षिततेसाठी जे मूलभूत स्वातंत्र्य सोडतात ते दोन्हींना पात्र नाहीत” हे बेंजामिन फ्रँकलिन यांचंच, पण १७५५ मधलं आणि कराच्या भांडणातलं. सरहद्दीच्या रक्षणासाठी पेनसिल्व्हेनियाच्या सभेला वसाहतीच्या मालक असलेल्या पेन घराण्याच्या जमिनींवर कर लावायचा होता, गव्हर्नर आडवा येत होता. स्वतः कर ठरवण्याचा लोकप्रतिनिधींचा हक्क म्हणजे इथलं स्वातंत्र्य. आज ते पाळत आणि खासगीपणाच्या चर्चेत वापरतात. वापरावं, फक्त मूळ प्रसंग ठाऊक असू द्यावा.

अमेरिकेत नागरिकत्वाची शपथ घेतलेल्या मराठी कुटुंबांसाठी काही?

न्यायमूर्ती लर्नेड हँड यांचं २१ मे १९४४ चं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधलं भाषण. समोर नव्यानं नागरिक झालेले हजारो लोक होते. स्वातंत्र्य स्त्री-पुरुषांच्या अंतःकरणात असतं, तिथे ते मेलं तर कुठलीही घटना, कायदा किंवा न्यायालय त्याला वाचवू शकत नाही. आणि स्वातंत्र्याची वृत्ती म्हणजे आपलंच बरोबर आहे याची फार खात्री नसणारी वृत्ती. पाच मिनिटांत वाचून होतं. घरातल्या मुलांसोबत वाचण्यासारखं आहे.

शाळेतल्या स्पर्धेसाठी तयारी कशी करावी?

दहा अवतरणं गुंफू नका, एकच घ्या. ते कोणत्या दिवशी, कुठे, कुणासमोर उच्चारलं हे आधी दोन वाक्यांत सांगा. बोलणाऱ्यावर पुढे काय गुदरलं तेही सांगा. पाचवी ते सातवीसाठी कोल्विन किंवा वॉशिंग्टनचा चष्मा, आठवी ते दहावीसाठी अँथनींचा खटला किंवा हेमरबाईंची साक्ष, महाविद्यालयासाठी डग्लस. किंग यांचं स्वप्न घ्यायचंच असेल तर चेकचा भाग गाळू नका. तो भाषणाच्या पहिल्या निम्म्यात येतो आणि स्पर्धांमध्ये हमखास कापला जातो. वेळ कमी पडला तर शेवटच्या टाळ्यांच्या ओळी कापा, तो भाग ठेवा.